बोआचे पिल्लू, पहिला महिना आणि बेळगावची थंडी

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या हौशी तरुणांच्या घरांत आता पोपट आणि इग्वानापाठोपाठ बोआ आला आहे. हा मध्य व दक्षिण अमेरिकेतला बिनविषारी साप आहे. पिल्लू जेमतेम दीड-दोन फुटांचे असते. आणले त्याच संध्याकाळी शेजारपाजारचे जमतात, पिल्लू हातोहात फिरते, दुसऱ्या दिवशी उंदीर दिला जातो, तिसऱ्या दिवशी ते तो ओकून टाकते आणि मग खाणेच सोडते. रोग नसतानाही पिल्ले जातात ती बहुधा अशीच, आणि हे पूर्णपणे टाळता येते.

आधी कायद्याचे. इंग्रजीत मांडुळालाही ‘सँड बोआ’ म्हणतात, त्याचा फायदा घेऊन कुणी मांडूळ किंवा दुरक्या घोणस ‘बोआ’ म्हणून विकू पाहील. हे आपले साप आहेत. अजगराप्रमाणेच त्यांनाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि ते घरात ठेवणे गुन्हा आहे. खरा बोआ ‘साइट्स’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो. 2022 ची कायदा दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांनुसार प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करावी लागते. पिल्लू कोल्हापूरहून आणले तरी ते राहणार बेळगावात, म्हणून नोंद कर्नाटकात. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर पिल्लू घेऊ नये.

पिल्लू येण्याच्या दोन-तीन दिवस आधी पेटी मांडून, चालू करून, तापमान पाहून ठेवावे. लहान पिल्लाला साधारण 60 सेंमी लांब, 40 सेंमी रुंद पेटी पुरते. झाकणाला कडी हवीच, कारण डोके शिरेल एवढ्या फटीतून सबंध साप बाहेर जातो. पेटीच्या एका टोकाला, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, बाहेरून हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) लावावी आणि ती थर्मोस्टॅटवरच, म्हणजे तापमान ठरल्या अंशावर राखणाऱ्या उपकरणावरच चालवावी. थर्मोस्टॅट नसेल तर मॅट तापत जाते आणि सापाचे पोट भाजते. आपण भाजतो आहोत हे सापाला वेळेवर उमगत नाही, तो जागेवरून हलत नाही. उष्ण टोक 31-32 अंश, थंड टोक 25-27 अंश आणि रात्री कुठेही 24 च्या खाली नको. दोन्ही टोकांना एकेक लपणे, म्हणजे दडून बसायची जागा ठेवावी. पालथे मातीचे भांडे कडेला फोडून तोंड केले तरी चालते, पण ते घट्ट हवे. अंग भिंतींना टेकले तरच पिल्लाला सुरक्षित वाटते. लपणे एकाच टोकाला असेल तर पिल्लाला ऊब आणि आडोसा यांतून एक निवडावे लागते. ते आडोसा निवडते आणि थंडीने आजारी पडते.

तळाला पहिले दोन महिने वर्तमानपत्राचा कागद उत्तम. विष्ठा, रक्त, गोचिडीसारखे बारीक काळे किडे, सगळे त्यावर लगेच दिसते. वखारीतला भुसा घालू नये. त्याची धूळ आणि काही लाकडांचा उग्र वास फुफ्फुसांना बाधतो. त्या खोलीत डासांची कॉइल, फवारणी, धूप, डांबरगोळ्या काहीही नको.

इथल्या हवेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण परदेशी माहितीत ती नसते. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची रात्र 14-15 अंशांपर्यंत उतरते, तेव्हा बहुतेक जण मॅट लावतात. फसगत होते ती जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत दुपारीही पारा 25-26 च्या वर जात नाही आणि हवा ओलीचिंब असते. ‘उन्हाळा नुकताच संपला, आता मॅट कशाला’ म्हणून ती बंद केली की थंड आणि ओल एकत्र येतात. साप तोंड उघडे ठेवून श्वास घेतो, नाकाशी बुडबुडे येतात, घरघर ऐकू येते. हा श्वसनाचा संसर्ग आहे आणि घरगुती उपायांनी तो जात नाही, डॉक्टरच लागतात. म्हणून मॅट वर्षभर ठेवावी, किती तापायचे ते थर्मोस्टॅट पाहील. पावसाळ्यात हवेची छिद्रे मोकळी ठेवून कागद रोज बदलावा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी उलटे करावे : पाण्याचे भांडे थोडे उबेकडे सरकवावे आणि ओले शेवाळ घातलेला एक डबा आत ठेवावा. आर्द्रता 55 ते 65 टक्के, कात टाकताना 70 च्या आसपास असावी.

पहिले सात ते दहा दिवस फक्त पाणी बदलायचे, घाण काढायची. हात लावायचा नाही, फोटोसाठीही नाही. घरात लहान मुले असतील तर पेटीच्या तीन बाजू कागदाने झाकाव्यात.

पहिले खाणे आठवड्यानंतर. उंदीर पिल्लाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा रुंद नसावा आणि वजनाने पिल्लाच्या दहाव्या हिश्शाच्या आत असावा. म्हणजे 60 ग्रॅमच्या पिल्लाला 5-6 ग्रॅमचा. एवढे 10 ते 14 दिवसांतून एकदा पुरे. बोआची पचनशक्ती मंद असते. भराभर वाढवायला दर तीन-चार दिवसांनी चारणारे त्याच्या यकृतात चरबी साठवतात आणि आयुष्य तोडतात. मारून गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात सोडवावा, मग पिशवीत घालून 38-40 अंशांच्या पाण्यात ऊब द्यावी आणि लांब चिमट्याने पुढे करावा. उकळत्या पाण्यात टाकला तर पोट फुटते. जिवंत उंदीर सापाला चावतो. घरातला किंवा शेतातला उंदीर तर कधीच नको, त्याच्या पोटात काय औषध गेले आहे ते कळत नाही. नागपंचमीला कुणी प्रेमाने दूध ठेवील, तेही नको. सापाला ते पचत नाही.

खाल्ल्यावर 48 तास उचलू नये. ओकलेच तर कारण तीनपैकी एक असते : घास मोठा होता, पेटी थंड होती किंवा पिल्लाला लवकर हाताळले. ओकताना पोटातला आम्लरस जातो, घसा सोलवटतो. लगेच पुन्हा चारले की पुन्हा ओकते आणि या फेऱ्यातून पिल्लू उठत नाही. पूर्ण 14 दिवस थांबावे आणि पुढचा घास निम्म्या आकाराचा द्यावा. वीज सारखी जात असेल त्या आठवड्यात चारूच नये. पोट थंड पडले की आतला उंदीर सडतो. वीज गेल्यावर पेटीवर घोंगडी टाकून, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाहेरून टेकवावी.

डोळे निळसर झाले म्हणजे कात जवळ आली. काही दिवसांनी ते निवळतात आणि मग कात पडते. तोवर चारू नये, हाताळू नये. डोळ्यांवरची कात अडकली तर चिमट्याने ओढू नये, डोळा जातो. ओलावा वाढवून पुढच्या कातेची वाट पाहावी.

तीन घास नीट पचले की हाताळणी सुरू करावी : आधी पाच मिनिटे, आठवड्यातून दोनदा, दोन्ही हातांचा आधार देऊन. वजन दर पंधरवड्याला डिजिटल काट्यावर करून वहीत लिहावे. घरात दुसरा साप असेल तर नवा तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावा. बोआला होणाऱ्या एका विषाणूजन्य रोगावर इलाज नाही.

हे पिल्लू नीट वाढले तर मादी सात-आठ फुटांची होते आणि वीस-पंचवीस वर्षे जगते. तिला निदान सहा फूट लांब, दोन फूट रुंद पेटी लागते. सांभाळणे होत नसेल तर तिला जांबोटी-कणकुंबीच्या रानात सोडू नये, वनखात्याला कळवावे. त्या खात्याने नोंदणीची माहिती कन्नडबरोबर मराठीतही लावली तर गावोगावच्या अनेकांना ती समजेल, अशी आपल्या पत्रामार्फत विनंती.

आपले,
सर्पपालनाचा अभ्यास करणारे काही वाचक,
टिळकवाडी, बेळगाव