वॉशआधी ग्लॉस हवाच

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत प्लास्टिकच्या विमान-मॉडेलांवर लेख आला, हे फार चांगले झाले. मात्र विमान वापरातले, उन्हापावसातले दिसावे यासाठी पत्र्यांच्या जोडांच्या रेघांत सोडतात त्या पातळ रंगाबद्दल, म्हणजे वॉशबद्दल, 'काळा रंग थिनरमध्ये पातळ करून सगळीकडे फासा आणि पुसून टाका' एवढेच त्यात सांगितले आहे. असे केले तर महिनाभर खपून जोडलेले मॉडेल एका दुपारी वाया जाते, म्हणून हे पत्र.

आधी थिनरचे. तालुक्याच्या हार्डवेअर दुकानात थिनर मागितला की बहुतेकदा फर्निचरच्या लॅकरचा एनसी थिनर हाती पडतो. किटचे प्लास्टिक पॉलिस्टायरीनचे असते आणि ते या थिनरमध्ये विरघळते. पेट्रोलही नको. तेलरंगाचा वॉश करायचाच असेल तर मिनरल टर्पेंटाइन घ्यावे, तेही ॲक्रिलिक रंग-वार्निशावर. खाली इनॅमल उघडे असेल तर पुसताना मूळ रंगही बोळ्यावर येतो.

पण खेड्यात बसून तेलरंगाच्या ट्यूबा मागवायची गरजच नाही. पोळ्याच्या सुमारास किराण्यात मिळणारा गेरू आणि दिव्यावर ताटली धरून जमवलेली काजळी, एवढ्यात उत्तम वॉश होतो. गेरू थेट वापरू नये, त्यातली रेती रंगावर ओरखडे काढते. पेलाभर पाण्यात ढवळून दोन मिनिटे थांबावे आणि वरचे गढूळ पाणी मलमलीतून दुसऱ्या भांड्यात ओतावे. रात्रभरात त्या भांड्याच्या तळाशी बसतो तो गेरू कामाचा. काजळीची तऱ्हा वेगळी. पाण्यात टाकली की कितीही ढवळा, तरंगतच राहते. म्हणून आधी बशीत भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घेऊन त्यात ती चमच्याच्या पाठीने घोटावी, मग पाणी घालावे. डोळ्यांत घालायचे काजळ चालत नाही, त्यात तूप किंवा तेल असते आणि त्यावर वार्निश धरत नाही.

प्रमाण असे: २० मिली पाणी, पाव छोटा चमचा सुकवलेला गेरू, दोन चिमटी काजळी, लिक्विडचा तोच एक थेंब आणि भिजवलेल्या बाभळीच्या डिंकाचे दोन थेंब. लिक्विड नसेल तर पाणी रेघेत उतरत नाही, थेंब होऊन बसते. जास्त झाले तर फेसाचे गोल डाग सुकतात. डिंक वाढला की वॉश निघता निघत नाही. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी टाळावे, सुकल्यावर पंखावर पांढरी वलये उठतात. पावसाचे गाळलेले किंवा आरओच्या कॅनचे पाणी घ्यावे.

खरी चूक मात्र याच्याही आधी झालेली असते. मॅट, म्हणजे बिनचमकीचा, रंग हाताला गुळगुळीत लागला तरी खडबडीत असतो. त्याच्या खाचांत वॉश अडकतो आणि विमान डागाळल्यासारखे दिसते. म्हणून ॲक्रिलिक ग्लॉस (चकचकीत) वार्निशचे दोन पातळ हात द्यावेत, मधे डेकल, म्हणजे किटमधली चिकटवायची चिन्हे, लावून घ्यावेत आणि पूर्ण एक दिवस थांबावे. डेकलवर वार्निश नसेल तर साबणाच्या पाण्याने त्यांच्या कडा उचलतात. आपल्या उन्हाळ्यात ४५ अंशांवर स्प्रे हवेतच सुकतो आणि पंखावर भुकटी होऊन बसतो, तेव्हा हे काम सकाळी सातच्या आत उरकावे. पावसाळी दमट दिवशी लॅकरच्या वार्निशवर पांढरट झाक येते, त्या दिवशी हातच लावू नये.

वॉश रेघांवर बारीक ब्रशने सोडावा. ओली चमक गेली की, म्हणजे हिवाळ्यात वीसेक मिनिटांत आणि एप्रिलमध्ये पाचातच, जुन्या बनियनचा ओला करून घट्ट पिळलेला तुकडा पंखाच्या पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे ओढावा. हवा त्याच दिशेने वाहते, म्हणून राहिलेला मळ खरा वाटतो. उभ्या शेपटीवर वरून खाली ओढावा, तिथे पावसाचे ओघळ असतात. बिघडले तर ओल्या कापडाने सगळे पुसून पुन्हा करता येते. पाण्याच्या वॉशचा हा मोठा फायदा.

प्रत्येक रेघ काळी करू नये. मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, म्हणजे १/७२ च्या मॉडेलवर जेमतेम दहा सेंटिमीटर. त्यावरची ०.२ मिलिमीटरची काळी रेघ खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट झाली! गडद रेघ फक्त हलणाऱ्या भागांना द्यावी: फ्लॅप, एलेरॉन, रडर. बाकी पत्र्यांच्या जोडांना गेरूकडे झुकणारा फिकट वॉश पुरे. निव्वळ काजळी शेपटीकडच्या नळकांड्याभोवतीच ठेवावी. शेवटी मॅट वार्निशचा एक हात द्यावा. त्याने वॉश थोडा दबतो, त्यामुळे आधी किंचित जास्त ठेवलेला बरा.

चाकांना शेतातली काळी माती लावायचा मोह आपल्या भागात सगळ्यांनाच होतो. ती जाड लावली तर वैशाखातल्या वावरासारखी भेगाळते आणि खपल्या पडतात. शिवाय मिग सिमेंटच्या धावपट्टीवरून उडायची. तिच्या टायरवर करडी धूळ हवी, त्यासाठी चुलीची चाळलेली राख कोरड्या ब्रशने लावावी. काळी माती शेतात उतरलेल्या हेलिकॉप्टरसाठी राखून ठेवावी.

आपले,
मॉडेल करणारे दोन वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा