ते पित्त नाही, भावा

सातारा, रविवार रात्र

भावा,

तुझा फोन झाल्यापासून डोक्यातनं जात नाहीये, म्हणून लिहायलाच बसलो. कल्याणगडावर माशी चावली, दहा मिनिटात अंगभर पित्त उठलं, उलटी झाली, घसा आवळला, आणि घरी आल्यावर वहिनींनी आमसुलाचं पाणी लावलं. आता बरंय, विषय संपला म्हणालास. नाही रे संपला! ते साधं पित्त नाही, माशीच्या विषाची ॲलर्जी वाटते.

मागच्या वर्षी माझं हेच झालेलं. गोठ्याच्या पत्र्याखाली गांधीलमाशांचं पोळं, वैरण काढताना मानेवर एक डसली. आधी तळहाताला खाज, मग ओठ जड, मग डोळ्यापुढं अंधारीच. डॉक्टरांनी मांडीत अड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं म्हणून वाचलो. पण मी घाई केली, तिसऱ्याच दिवशी ब्लड टेस्ट, रिपोर्ट निगेटिव्ह, आणि एका डॉक्टरनं सांगूनच टाकलं की ॲलर्जी नाही. नंतर ॲलर्जीच्या मॅडमनी समजावलं की डंखानंतर सुरुवातीला रक्तातली आयजीई (ॲलर्जी दाखवणारं प्रथिन, टेस्टमध्ये तेच मोजतात) कमी दिसू शकते, ४ ते ६ आठवडे थांबून परत करायची. केली. गांधीलमाशीला पॉझिटिव्ह, मधमाशीला निगेटिव्ह.

मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी सगळं विचारलं, किती मिनिटात काय झालं, काटा आत राहिला का. मधमाशीचा काटा कातडीत अडकून राहतो, गांधीलमाशीचा सहसा नाही. तू पण नीट आठव, वहिनींना विचार. गडाच्या कड्याला मोठी पोळी लोंबतात ती आग्या मोहोळाची, ती पण मधमाशीच. कोणती माशी ते कळलं तरच ॲलर्जी कमी व्हायला त्याच विषाची इंजेक्शनं देतात, थोडं थोडं वाढवत, ३ ते ५ वर्षं.

आणि पोराची टेस्ट करत बसू नको. त्याला माशी चावली तेव्हा हात कोपरापर्यंत सुजला पण बाकी काही झालं नाही ना, मग राहू दे, कारण कधीच त्रास न झालेल्या माणसांची पण टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि मग उगाच घरभर भीती. तुझी मात्र करायचीच. स्किन टेस्ट सांगितली तर खाजेच्या गोळ्या आधी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, ते विचारून घे.

तोवर एकटा रानात जायचं नाही. परत चावली आणि अंगावर उठायला लागलं तर आमसूल नको, आडवा हो, चालत सुटू नको, कुणालातरी १०८ ला फोन करायला सांग.

अंगावर उठलेल्याचे फोटो वहिनींनी काढलेत म्हणालास ना, ते डिलीट करू नको. शनिवारी मी कराडला येतो, माझी फाईल घेऊनच.

तुझाच