शिल्ड्सची ओळख द्वंद्वापुरती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील लिंकनवरचा लेख आवडला. पण त्यात जेम्स शिल्ड्सचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे: ‘लिंकनला द्वंद्वाचे आव्हान देणारा तापट आयरिश माणूस’. हे मनाला लागले, म्हणून लिहितो.

लिंकनने मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून एक पत्र आपल्याकडे कित्येक शाळांच्या भिंतींवर आहे. ते त्याचेच, याला पुरावा नाही. 1842 च्या सप्टेंबरात स्प्रिंगफील्डच्या ‘सॅंगमो जर्नल’मध्ये छापून आलेले पत्र मात्र नक्की त्याचे होते, तेही टोपणनावाने. आयर्लंडच्या टायरोन परगण्यातून आलेला शिल्ड्स कॅस्कॅस्किया गावी वकिली करत पुढे इलिनॉय राज्याचा ऑडिटर झाला होता. त्या वर्षी स्टेट बँक बुडाली. कर त्या बँकेच्या नोटांत घेऊ नका, सोने-चांदीच घ्या, असा हुकूम निघाला आणि त्यावर शिल्ड्सची सही होती. लिंकनने ‘रिबेका’ नावाच्या खेडवळ बाईच्या तोंडून त्याची खिल्ली उडवली.

मी बँकेत कॅशियर होतो. 2016 च्या नोटाबंदीची मुदत संपल्यावर एका आजींनी पदराची गाठ सोडून पाचशेच्या दोन नोटा माझ्या खिडकीत ठेवल्या. घड्या पडून मऊ झालेल्या त्या नोटा मला परत कराव्या लागल्या. रिबेकाच्या पत्रातला शेतकरीही गहू नदीवर नेऊन विकतो आणि करापुरत्या बँकेच्या नोटा कशाबशा जमवतो. त्याचा संताप खराच आहे. पण तिजोरी रिकामी असताना बुडालेल्या बँकेचे कागद सरकारने घ्यायचे कसे, याचे उत्तर त्या पत्रात नाही. उलट शिल्ड्स खोटारडा, बायकांपुढे मिरवणारा, अशी व्यक्तिगत टवाळी आहे. पाठोपाठ मेरी टॉड (लिंकनची पुढे झालेली पत्नी) आणि तिच्या मैत्रिणीनेही त्याच नावाने आणखी मजकूर दिला. शिल्ड्सने संपादकाला लेखकाचे नाव विचारले. लिंकनने आपले नाव सांगायला परवानगी दिली, हा त्याचा मोठेपणा. 22 सप्टेंबरला दोघे मिसिसिपी नदीतल्या बेटावर तलवारींनिशी समोरासमोर आले. ‘तुमच्या चारित्र्यावर घाला घालण्याचा हेतू नव्हता’ असा खुलासा लिंकनच्या बाजूने झाला आणि प्रकरण मिटले.

शिल्ड्सचे खरे आयुष्य त्यानंतरचे. मेक्सिकोच्या युद्धात तो ब्रिगेडियर जनरल होता. एप्रिल 1847 मध्ये सेरो गोर्डोच्या लढाईत गोळा त्याच्या छातीतून आरपार गेला. वाचेल असे कुणाला वाटले नव्हते. सप्टेंबरात तो पुन्हा आघाडीवर होता आणि चापुल्टेपेकला पुन्हा जखमी झाला. 1849 मध्ये इलिनॉयने त्याला सिनेटवर (अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर) निवडून दिले, पण निवड रद्द झाली. घटनेप्रमाणे सिनेटरला नागरिक होऊन नऊ वर्षे व्हावी लागतात आणि शिल्ड्सला नागरिकत्व मिळाले होते ऑक्टोबर 1840 मध्ये. म्हणजे कमी पडले ते काही महिने. त्याच देशासाठी छातीवर गोळा झेललेल्या माणसाला हे ऐकावे लागले! नऊ वर्षे भरताच विधिमंडळाने त्यालाच पुन्हा निवडले. पुढे मिनेसोटा आणि 1879 मध्ये मिझुरी, अशा तीन राज्यांतून तो सिनेटर झाला. हा मान आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेला नाही.

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात त्याला ब्रिगेडियर जनरल नेमले ते राष्ट्राध्यक्ष लिंकननेच. मार्च 1862 मध्ये कर्न्सटाऊनला त्याच्या तुकडीने दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याला हरवले. आदल्या दिवशी हात मोडल्यामुळे प्रत्यक्ष लढाई कर्नल किंबॉलने लढवली, हेही सांगायला हवे. जूनमध्ये पोर्ट रिपब्लिकला याच जॅक्सनने शिल्ड्सच्या फौजेचा पराभव केला. तो अजिंक्य सेनापती होता, असा माझा दावा नाही.

अमेरिकेच्या संसदभवनात प्रत्येक राज्याने आपल्या दोन थोर व्यक्तींचे पुतळे द्यायचे असतात. इलिनॉयने 1893 मध्ये पहिला पुतळा दिला तो शिल्ड्सचा. लिंकनवर पुन्हा लेख छापाल तेव्हा त्या पुतळ्याचे छायाचित्र शेजारी जरूर छापावे, ही विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
(निवृत्त बँक कर्मचारी), सातारा