सहा सीटचे पैसे घेतले, पोचवली दोन माणसं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा (चार्टर विभाग),
पर्थ, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया

विषय : गेल्या मंगळवारच्या पर्थ–पिलबरा (उत्तरेकडचा खाणपट्टा) फेरीचं बिल, त्यातला इंधन अधिभार आणि फेर-आरक्षण शुल्काबाबत तक्रार.

महोदया,

आपल्या वेबसाइटवर तक्रारीसाठी जी चौकट दिली आहे, तिच्यात माझी पहाटसुद्धा मावेना. फोनवर आपण सांगलीच्या असल्याचं कळलं, म्हणून सरळ मराठीतच लिहितो.

आमचं काम लोहखनिजाच्या खाणीतले कन्व्हेयरचे पट्टे जोडण्याचं. खाण शटडाउन घेते, म्हणजे दुरुस्तीसाठी ठरवून काम बंद ठेवते, तेव्हा आमची सहा माणसं जातात आणि ठरलेल्या तासांत पट्टा जोडून देतात. उशीर झाला तर खाण थांबते आणि शिव्या आम्हाला बसतात. मुख्य ठेकेदारानं ठरवलेल्या चार्टर विमानातल्या उरलेल्या सीट आम्ही आपल्याकडून थेट विकत घेतो.

मंगळवारी 5:40 चं उड्डाण होतं. सहाही जण चार वाजता विमानतळावर हजर होते. ठरलेल्या फोकर 100 विमानात बिघाड निघाला. नऊनंतर बदली विमान लागलं ते फोकर 70. शंभराच्या ठिकाणी ऐंशी सीट म्हटल्यावर वीस जण खाली राहणार हे उघड होतं, आणि ज्याचा करार छोटा त्याची माणसं आधी वगळली गेली. माझे चौघे राहिले, दोघे गेले. हत्यारांची पेटी राहिलेल्यांपैकी एकाच्या नावावर चढवली होती, म्हणून तीही उतरवली. पट्टा सोलायचे चाकू, दाबायचे रोलर, मोजपट्टी, सगळं त्या पेटीत. तिकडे पोचलेले दोघे हिरव्या-पिवळ्या जाकिटात कॅम्पच्या मेसमध्ये रात्रीपर्यंत चहा पीत बसले. बारा तासांची शिफ्ट वाया गेली, पगार मात्र सहाही जणांचा चालू होता.

यानंतर आपलं बिल आलं. पूर्ण सहा सीटचं भाडं. चौघांना बुधवारी पाठवल्याचं फेर-आरक्षण शुल्क. शिवाय सहाही सीटवर इंधन अधिभार, तो शंभर सीटच्या विमानाच्या हिशेबानं! विमान छोटं आलं, इंधन कमी जळलं, अधिभार मात्र मोठ्या विमानाचा. मी हे बिल तीनदा वाचलं.

माझ्या वडिलांचा वणीत कोळशाचा एक ट्रक होता, हप्ते फिटलेला. डिझेल पाण्यासारखं प्यायचा, तरी नवा घ्यायला ते तयार नव्हते. म्हणायचे, नवी गाडी रोज पळवावी लागते, ही दोन दिवस उभी राहिली तरी बँकेचा माणूस दारात येत नाही. आपल्या धंद्याचं गणितही हेच आहे, आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. नेहमीच्या मार्गावरचं जेट दिवसभर उडतं तेव्हा त्याचा हप्ता सुटतो. खाणीचं विमान सकाळी माणसं सोडतं, सुटलेली शिफ्ट घेऊन परत येतं, जमलं तर दुपारी आणखी एक फेरी, बाकी वेळ उभं. सगळी गर्दी खाणीतली माणसं बदलायच्या दिवसांवर. इतक्या कमी तासांत नव्या जेटचा हप्ता निघत नाही, जुन्या फोकरला तो प्रश्नच नाही. फोकर कंपनी 1996 मध्ये दिवाळखोरीत गेली, 1997 मध्ये विमानं बनणंही थांबलं. तरी फोकर 100 चा सगळ्यात मोठा ताफा ऑस्ट्रेलियातच जमा झाला, तो याच हिशेबानं. (जुनं विमान म्हणजे धोक्याचं, असं मी म्हणत नाही. देखभाल चोख असेल तर वयाचं मला काही नाही.)

फरक एवढाच, की वडिलांच्या ट्रकचं डिझेल वडिलांच्या खिशातून जायचं. आपल्या करारात इंधनाची वाढ ग्राहकाच्या माथी. हप्ता वाचला तो आपला, जुन्या विमानाची तहान भागवायची आम्ही. तेही मी मान्य केलं होतं, करारावर सही माझीच आहे. पण जुना ताफा चालवायचा तर त्याच मापाचं एक विमान राखीव हवं, कारण अधूनमधून बिघाड होणार हे ठरलेलंच. हप्त्यात वाचलेल्या पैशातून ही सोय व्हायला हवी. आपण ती केली नाही आणि राहिलेल्या चौघांकडून वर शुल्क घेतलं. ट्रक वाटेत बंद पडला तर वडील व्यापाऱ्याकडे दुसऱ्या फेरीचं भाडं मागत नसत.

दुसऱ्या कंपनीकडे जावं, तर ती कुठे आहे? क्वांटास या मोठ्या विमान कंपनीला खाणींसाठी चार्टर चालवणारी अलायन्स कंपनी विकत घ्यायची होती, तेव्हा एप्रिल 2023 मध्ये स्पर्धा आयोगानं विरोध केला, तो इथे आणि क्वीन्सलंडमध्ये खाणकामगारांची ने-आण करणारे आधीच मोजके आहेत म्हणून. मोठ्या खाणकंपन्या निदान भाव तरी करतात. सहा सीटवाल्याला कोण विचारतो?

माझं मागणं एवढंच : फेर-आरक्षण शुल्क रद्द करावं, मंगळवारचा इंधन अधिभार प्रत्यक्ष उडालेल्या विमानाप्रमाणे लावावा आणि तो कसा काढता ते सूत्र लेखी द्यावं. चौघांच्या वाया गेलेल्या दिवसाची भरपाई करारात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून ती मागत नाही, पण दुखतं तिथेच. दुरुस्त बिल येईपर्यंत मी पैसे थांबवले आहेत.

पुढचं शटडाउन 18 तारखेला आहे. मला पुन्हा सहा सीट लागतील, कारण वर म्हटलं तसं, जाणार कुठे. कोणतं विमान लागणार ते 17 च्या संध्याकाळपर्यंत कळवा. हत्यारांची पेटी कुणाच्या नावावर चढवायची, ते त्यावरून ठरवतो.

आपला ग्राहक,
कन्व्हेयर पट्टे जोडणी व दुरुस्ती,
मालागा, पर्थ