अण्णा, तुमचे आभार मानायचे राहिलेत

आदरणीय अण्णा,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयातलं उन्हाळी शिबिर संपलं त्या दिवशी मानधनाचं पाकीट तुमच्या हातात दिलं, तर तुम्ही ते टेबलावर ठेवलंत, "याचे मुलांना आंबे आणा" म्हणालात आणि चपला घालून चालू लागलात. फोनवर तुम्ही कामापुरतंच बोलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. वाईत आणि आसपास उन्हाळी शिबिरं घेणाऱ्या माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत. तुम्ही आमच्या मुलांना काय दिलंत ते त्यांनाही कळू दे.

सुरुवात भिलारच्या सहलीपासून झाली. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव, आणि स्ट्रॉबेरीचं तर त्याच्याही आधीपासून. मुलं तिथल्या घरांमध्ये बसून मनसोक्त वाचत होती. परतताना पाचगणीच्या वाटेवर उंच ग्लासातली स्ट्रॉबेरी आणि क्रीम खाल्लं आणि गाडीतच हट्ट सुरू झाला: हे आपण वाचनालयात करायचं. आमच्याकडे ना गॅस, ना ओव्हन, फ्रिज आहे तो कमरेइतका. "पाचगणीच्या हॉटेलांत उभा जन्म काढलेले अण्णा आता इथेच राहतात, त्यांना विचार," असं शेजारच्या वहिनींनी सुचवलं. मी भीत भीत आले. तुम्ही पाणी दिलंत आणि पहिलाच प्रश्न विचारलात, "ताई, क्रीम कुठलं आणणार?"

त्या प्रश्नात अर्धी कृती होती, हे मला तुमच्याबरोबर काम करताना समजलं. दुकानात सहज मिळणाऱ्या साध्या फ्रेश क्रीमच्या खोक्यावर बहुतेक वेळा 25 टक्के फॅट लिहिलेलं असतं. ते भाजीच्या रश्श्यात छान, पण कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. निदान 30 टक्के हवं, 35 असेल तर उत्तम. बेकरीत केकवर लावतात ते बहुतेक वनस्पती तेलाचं असतं. ते उन्हात जास्त टिकतं हे तुम्हीही मान्य केलंत, पण "फळाबरोबर दुधाचंच पाहिजे, नाहीतर तोंडात मेण राहतं," यावर तुम्ही ठाम होतात. मग स्वतः डेअरीत जाऊन ताजं क्रीम सांगून ठेवलंत. 

आणि हेच सगळं तुम्ही मुलांना किती सहज सांगितलंत! "कोणाच्या घरचं दूध डेअरीला जातं?" असं विचारल्यावर निम्मे हात वर. "फॅट किती लागतं?" आठवीतली एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, पटकन म्हणाली, "म्हशीचं सहा-पाच, गाईचं तीन-आठ." म्हणजे 6.5 आणि 3.8 टक्के. तिच्यासाठी फॅट म्हणजे डेअरीच्या पावतीवरचा आकडा, घरात दर दहा दिवसांनी ज्याच्यावर चर्चा होते तो. तुम्ही तिलाच पुढे बोलावलंत आणि म्हणालात, "मग हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दुधात सहा आणि या क्रीममध्ये पस्तीस, तर हे घट्ट का, सांग बरं यांना." तिने सांगितलं. अण्णा, ती मुलगी त्या दिवसापासून शिबिरात बोलायला लागली. बाकी सगळं राहू दे, एवढ्यासाठीच मी तुमची ऋणी आहे.

त्या सकाळी वीज नव्हती. एप्रिलअखेरचा वाईतला उकाडा, अंगणातल्या फरश्या अकरालाच तापलेल्या. तुम्ही मात्र पिशवीतून तारेचा हातबीटर काढलात, तो आणि स्टीलचं पातेलं दोन्ही आदल्या रात्रीपासून तुमच्या घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलेलं. मोठ्या परातीत बर्फ घातलात आणि वर तांब्याभर पाणी ओतलंत. पाणी कशाला, असं एकाने विचारलंच. नुसत्या बर्फाचे खडे पातेल्याला इथेतिथे टेकतात, पाणी मिसळलं की गारवा सगळीकडून लागतो, हे तुम्ही त्याला बोट बुडवून पाहायला लावलंत. क्रीममधल्या चरबीचे बारीक थेंब गार असले तरच अर्धवट एकमेकांना चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती कडं धरतात. गरम झाले की सगळं विरघळून पातळ. "उन्हाळ्यात क्रीम हातांनी नाही, बर्फाने फेटायचं असतं," हे तुमचं वाक्य मुलांनी फळ्यावर लिहून ठेवलंय.

मग तुम्ही बीटर हातात धरलात तो पाच मिनिटंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, तुम्ही करून दाखवाल आणि मुलं बघतील. शिबिरात येणारे पाहुणे बहुतेक तसंच करतात. तुम्ही मनगट कसं फिरवायचं तेवढं दाखवलंत आणि पातेलं मुलांच्या गोलात सरकवलंत. पन्नास फेरे झाले की बीटर पुढच्याकडे. क्रीम जरा दाटलं, बीटरच्या रेषा वर दिसायला लागल्या, तेव्हा चाळलेली पिठीसाखर थोडी थोडी करून घातलीत. लिटरभर क्रीम फुगत फुगत जवळपास दुप्पट झालं. आणि मग तो क्षण आला ज्याची तुम्ही वाट बघत होतात. बीटर उचलला, टोकावर क्रीमचा छोटा तुरा उभा राहिला आणि त्याचं टोक किंचित वाकलं. "बास! हात थांबवा!" तुमचा तेवढाच आवाज त्या दिवशी चढला. पुढे फेटलं तर काय होईल, हे विचारायच्या आधीच मागून कोणीतरी ओरडलं, "लोणी!" घरी आजीला ताक घुसळताना बघितलेली मुलं ती. तुम्ही वाटीभर क्रीम वेगळं काढून त्यांना मुद्दाम पुढे फेटू दिलंत. आधी रवाळ झालं, मग पिवळसर, मग पाणी सुटलं आणि खरोखरच लोण्याचा गोळा तरंगला. तो पावाला लावून लगेच संपला.

फळांकडे तुम्ही क्रीमपेक्षाही जास्त लक्ष दिलंत. स्ट्रॉबेरीचा हंगाम सरत आला होता, फळं लहान आणि आंबटसर. मी जरा खट्टू झाले होते. तुम्ही म्हणालात, क्रीमला आंबटच बरी, गोडावर गोड कशाला. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हापासून लोक मोठं लालबुंद फळ मागतात, पण वास मात्र या छोट्या फळांनाच जास्त, असं तुमचं मत. मला ते पटलं. देठासकट धुवायची, कापडावर कोरडी करायची आणि मग देठ काढायचे, नाहीतर फळ पाणी पितं, हे मी आता घरीही पाळते. चिरलेल्या फोडींवर चमचाभर साखर घालून पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवलं तर वाटीत लाल रस जमला. तो क्रीममध्ये न घालता शेवटी वरून सोडायचा. हापूसचं तसं नाही. त्याला साखर लावायची नाही, रसही काढायचा नाही, बोटभर फोडी करायच्या. प्रत्येक आंबा चिरून आत साका, म्हणजे गरातला पांढरट खराब भाग, नाही ना, हे बघूनच फोड पातेल्यात. बाहेरून तो दिसत नाही, म्हणून हे काम तुम्ही मोठ्या मुलांना नेमून दिलंत.

एकाने घरून अननस आणला होता. तुम्ही त्याला नाही म्हणाला नाहीत. एका वाटीत क्रीमबरोबर न शिजवलेल्या अननसाच्या फोडी कालवून बाजूला ठेवायला लावल्यात आणि जेवणानंतर चाखायला दिल्यात. कडू! न शिजवलेल्या अननसातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्यातून ही कडवट चव येते. साखरेच्या पाकात उकळून घेतला तर तोच अननस चालतो, म्हणून तुम्ही त्याला ती कृती लिहून दिलीत. त्याने ती घरी करून आईला खाऊ घातली. ती माउली मला बाजारात थांबवून सांगत होती.

वाट्या भरायचं काम अगदी शेवटी, सगळी मुलं पंगतीत बसल्यावर. खाली कुस्करलेली नानकटाई, मग फळ, मग क्रीम, वर रस. या दिवसांत दुधाचा पदार्थ बाहेर ठेवायचा नाही, उरवायचा तर मुळीच नाही, हे तुम्ही दोनदा बजावलंत आणि पातेलं रिकामं होईपर्यंत स्वतः वाटीला हात लावला नाहीत. तुमच्या वाट्याला जे आलं ते मुलांनी आपापल्या वाटीतून एकेक चमचा काढून दिलेलं.

पाकिटातल्या पैशांचे आंबे आणले, अण्णा. मुलांनी ते तुमच्या पद्धतीने पाण्यात भिजवून, पुसून, एकेक चिरून तपासले. हातबीटर तुम्ही विसरला नव्हतात, मुद्दाम ठेवून गेलात, हे आम्हाला कळलंय. तो कपाटात आहे, आणि आठवीतल्या त्या मुलीने त्याला चिठ्ठी बांधली आहे: "वापरण्याआधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवणे."

पुढच्या वर्षी मुलांना करवंदं आणि जांभळं घालून बघायचंय. ती कधी आणि कुठल्या बाजूची आणायची, क्रीम किती सांगायचं, हे तुम्हीच सांगा. तारीखही तुमच्या सोयीने ठरवू. वहिनींना नमस्कार सांगा.

आपली नम्र,
वाचनालयातली ताई आणि शिबिरातली सगळी मुलं