अस्वलाला खरंच स्वेटर लागतो का

प्रिय पिल्लू,

तू विचारलेलंस ना की पुस्तकातलं अस्वल मफलर घालून बर्फात घसरगुंडी खेळतंय आणि टीचर तर म्हणतात अस्वलं थंडीत झोपलेली असतात, मग खोटं कोण बोलतंय? उत्तर जरा लांबलचक आहे म्हणून लिहूनच देते, नाहीतरी तुला आता जोडाक्षरं वाचता येतात.

टीचर बरोबर आहेत. पण अस्वलाची झोप म्हणजे नुसतं घोरणं नाही हं. महिनोन्‌महिने खाणं नाही, पिणं नाही, शी-शू पण नाही, सगळं काम थंडीच्या आधी खाऊन खाऊन साठवलेल्या चरबीवर चालतं. त्यात परत आई अस्वलाला बाळं होतात ती पण भर थंडीत, त्याच गुहेत, एकेक पिल्लू जेमतेम अर्धा किलोचं, आणि ती अर्धवट झोपेतच त्यांना दूध पाजते. (हे वाचून मला तिच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली, का ते तू मोठी झाल्यावर सांगेन.)

हेजहॉग, म्हणजे तो अंगभर काटे असलेला चिमुकला प्राणी, मात्र खराखुरा गार पडतो. एरवी त्याचं हृदय मिनिटाला 190 च्या आसपास धडधडतं, शीतनिद्रेत, म्हणजे थंडीतल्या त्या लांब झोपेत, ते 20 वर वगैरे येतं. म्हणून पुस्तकात बाकीचे प्राणी पार्टीसाठी त्याला गदागदा हलवून उठवतात ना, ते चित्र गोड असलं तरी बिचाऱ्याला महागात पडेल, परत अंग गरम करायला त्याची खूप चरबी खर्च होते.

माझं सगळ्यात आवडतं पान कोल्हा आणि उंदीर एकाच मगमधून सूप पितात ते. आता खरं सांगायचं तर कोल्ह्यासाठी उंदीर हेच सूप! पण तू त्या पानाचा डावीकडचा खालचा कोपरा नीट बघ, बर्फाला एक बारकंसं भोक आहे आणि शेजारी चिमुकली पावलं. ते ज्याने काढलंय त्याला सगळं माहिती आहे. खूप बर्फ पडला की जमिनीला लागून एक पोकळी तयार होते, बर्फात हवा अडकलेली असते त्यामुळे खालची ऊब वर निसटत नाही, म्हणजे वर उणे 20 असलं तरी खाली साधारण शून्याच्या आसपास. तिथे उंदरांचे बोगदे असतात, ये-जा चालू, खाणं चालू, कोणाला पत्ता नाही. पत्ता फक्त कोल्ह्याला. तो वर उभा राहून मान वाकडी करून ऐकतो, खालची खुसफुस कळली की हवेत उंच उडी मारून थेट तोंडावर बर्फात घुसतो, मागचे पाय वर! हे पुस्तकात का नाही काढलं देव जाणे, तू हसून लोळली असतीस.

बीव्हरच्या (तो पाण्यात राहणारा, मोठ्या दातांनी झाडं कुरतडणारा प्राणी) घराला पुढे दार आणि बेल दाखवलीये ते पण मला पटलं नाही. खरं दार पाण्याखाली असतं, घर फांद्यांचं आणि चिखलाचं, आणि थंडीआधी तो फांद्या तळ्याच्या तळाशी खुपसून ठेवतो म्हणजे वर बर्फ जमला तरी खालून पोहत जायचं, फांदी आणायची आणि घरात बसून साल कुरतडायची. बेलपेक्षा हे भारी आहे की नाही?

पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच गाडीवर बसलेत ते पान मला अजिबात आवडत नाही. एक राहतो पृथ्वीच्या खालच्या टोकाला, दुसरं वरच्या, जन्मात भेट नाही. आणि वर थंडी असते तेव्हा खाली उन्हाळा, त्यामुळे मफलर दोघांनी एकदम घालायचा प्रश्नच येत नाही. त्यापेक्षा एम्परर पेंग्विनचे बाबा काढायचे होते, पायावर अंडं घेऊन दोन महिने उपाशी उभे, सगळे एकमेकांना चिकटून आणि सरकत सरकत, कडेचे आत, आतले कडेला.

तर पुस्तक फेकायचं नाही, कळलं? त्यातली दुलई मला पण हवीये. आणि घुबडाच्या पानाबद्दल मी मुद्दाम काही लिहिलेलं नाही, तिथे घड्याळात रात्रीचे बारा वाजलेत आणि घुबड टोपी घालून गाढ झोपलंय, त्यात गडबड काय आहे ते तू शोध आणि मला चिठ्ठी लिहून फ्रीजवर लाव.

तुझी
आई