दोन वर्षं की सहा महिने?

आदरणीय सातोरू इवातासान,

निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचे अध्यक्ष असतानाच ११ जुलै २०१५ ला तुम्ही गेलात, अवघ्या ५५ व्या वर्षी. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, तरी आभार मानल्यावाचून राहवत नाही.

‘मदर २’ या व्हिडिओ गेमचं काम वर्षानुवर्षं रखडलं होतं. तुम्ही येऊन कोड पाहिलात आणि विचारलंत, आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं लागतील, नव्यानं लिहिलेलं चालणार असेल तर सहा महिने, काय करायचं? निर्णय तुम्ही गेम बनवणाऱ्या टीमवर सोडलात. बुडतं काम सावरायला येणारे बहुतेक जण आधी दोषी शोधतात. तुम्ही आधी टीमला मदत करणारे प्रोग्राम, अर्थात टूल्स, बनवलीत, म्हणजे कुणाचंच काम दुसऱ्यासाठी अडून राहू नये. रखडलेल्या गेममध्ये नेमकं इथेच घोडं पेंड खातं. संवादातली एक ओळ बदलायची तरी प्रोग्रामरची वाट पाहायची, आणि त्यानं एके ठिकाणी टाका घातला की दुसरीकडे उसवतं. २७ ऑगस्ट १९९४ ला तो गेम निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आला. ज्यांची वर्षं त्यात गेली होती, त्यांची मान तुम्ही खाली जाऊ दिली नाहीत. सगळ्यात मोठे आभार त्याचे.

कर्जात बुडालेल्या हॅल लॅबोरेटरी या गेम कंपनीचे तुम्ही १९९३ मध्ये अध्यक्ष झालात, तरी कीबोर्ड सोडला नाहीत. हातात धरून खेळायच्या गेम बॉयवरच्या पोकेमॉनची लढाईची यंत्रणा निन्टेन्डो ६४ या कन्सोलवर न्यायची होती. हाताशी तपशीलवार कागदपत्रं नव्हती. तुम्ही थेट सोर्स कोड वाचून आठवड्याभरात ती चालवून दाखवलीत!

पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष असताना, २०११ मध्ये, थ्रीडीएस हे हातात धरून खेळायचं यंत्र खपेना. सहा महिन्यांच्या आत किंमत २५,००० वरून १५,००० येनवर आणावी लागली. तेव्हा तुम्ही स्वतःचा पगार निम्मा केलात, इतर संचालकांचा २० ते ३० टक्के. आधी जास्त पैसे मोजलेल्यांना विसरला नाहीत, त्यांना २० जुने गेम फुकट दिलेत. एरवी गेम आपटला की पहिली कुऱ्हाड तो बनवणाऱ्यांवर पडते आणि वरच्यांचे बोनस शाबूत राहतात. २०१३ मध्ये भागधारकांनी नोकरकपातीबद्दल विचारलं, तेव्हा तुम्ही स्पष्ट सांगितलंत की नोकरी जाईल या धास्तीत काम करणाऱ्यांच्या हातून लोकांना भावेल असं सॉफ्टवेअर घडणार नाही. खुर्चीत बसलेल्या कुणीतरी हे भर सभेत बोलून दाखवलं, याचा आधार आजही वाटतो.

तुमचे ऋणी,
गेम बनवणारे आणि खेळणारे